दिवाळीच्या सुट्टीतले पिक्चर, गावातला व्हिडिओ आणि पेटीत निघालेल्या कॅसेट

पांढरी_काळी, दर्यापूर तालुका

राम राम मंडळी. दिवाळीची झाडझूड चालू आहे, माडीवरच्या पत्र्याच्या पेट्या खाली काढल्या आणि एका पेटीत बाबांच्या कॅसेट निघाल्या, व्हीएचएस म्हणजे पिक्चरच्या व्हिडिओ कॅसेट, मोजून ३१. मला वाटलं होतं घर नवीन बांधलं तेव्हाच भंगारात गेल्या असतील, पण आईनं जुन्या लुगड्यात बांधून ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर बाबांच्या हातचं लिहिलेलं, निळ्या पेनानं, नंबर, पिक्चरचं नाव आणि खाली बारीक अक्षरात "पाहून झाल्यावर रिवाइंड करावी". नंबर ७ म्हणजे बनवाबनवी, त्याच्या लेबलवर कोणत्या दिवाळीत कोणाच्या घरी गेली होती तेही लिहिलंय, जागा पुरली नाही म्हणून मागून वहीचा कागद चिकटवलाय.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडच्या वेळी देशात कलर टीव्ही आला म्हणतात, पण आमच्या गावात तो आला भाड्यानं. "यंदा व्हिडिओ आणायचा का" अशी बोलणी कोजागिरीपासूनच सुरू व्हायची. दर घरी पाच रुपये वर्गणी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दोघं तिघं बंडी घेऊन दर्यापूरला जायचे आणि कलर टीव्ही, कॅसेट लावायचं मशीन म्हणजे व्हीसीआर आणि तीन कॅसेट गोधडीत गुंडाळून आणायचे, वाटेत नाला लागला की एक जण टीव्ही मांडीवर घेऊन बसायचा. मारुतीच्या पाराजवळ टेबल मांडायचं, पुढं पोरं, मग बाया, मागं माणसं, आणि म्हातारी मंडळी खाटा घेऊन बाजूला. पहिला पिक्चर कायम देवाचा, म्हाताऱ्यांसाठी, दुसरा मराठी हसायचा, आणि तिसरा मारधाडीचा हिंदी, तो संपेपर्यंत कोंबडा आरवायचा. मधात लाईन गेली तर कोणी उठून जायचं नाही, सगळे तिथंच गोधड्या पांघरून लाईनची वाट पाहत बसायचे, चिवडा निघायचा, कोणीतरी झालेली ष्टोरी पहिल्यापासून सांगायचं.

पुढं एका वर्षी कापसाचे चुकारे एकदम मिळाले आणि बाबांनी स्वतःचा व्हीसीआर घेतला. तेव्हापासून दर दिवाळीला एक दोन कॅसेट विकत, भाड्यानं नाही. ते म्हणायचे की सणाला जो पिक्चर पाहायचा तो आपल्या घरचा पाहिजे. आणि दरवर्षी तेच पिक्चर, नवीन आणला तरी भाऊबीजेच्या रात्री ७ नंबरच लागायचा.

आता अडचण सांगतो. निम्म्या कॅसेटमध्ये खिडकीतून पाहिलं तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसून राहिली. व्हीसीआर चालू होतो पण कॅसेट आत घेत नाही, घर्र करून बाहेर ढकलतो. या टेप वाचतात का? कोणी केलंय का असं काम? आणि दुसरं म्हणजे तुमच्याकडं सणासुदीला, सुट्टीत कोणते पिक्चर लागायचे आणि ते आता कोणाजवळ कॅसेट, सीडी अशा रूपात आहेत का, तेही लिहा. मला हे सगळं नीट जपून ठेवायचं आहे.

पऱ्हाटी, दिग्रस

भाऊ सगळ्यात आधी, त्या बुरशीवाल्या कॅसेट मशीनमध्ये टाकू नका. बाकी जाणकार सांगतीलच.

बनवाबनवी आमच्याकडंही. त्याच्यावर काही नाही.

सोल्डरवाला, आर्वी

पऱ्हाटी बरोबर बोलले. मी १९९० पासून रेडिओ, टीव्ही, व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान चालवलं, आता फक्त घरी करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बुरशीची टेप चालवली की ती बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, जाऊन बसते आणि मग त्या मशीनमध्ये जी चांगली कॅसेट टाकाल तिलाही लागते. व्हीएचएसचं डोकं म्हणजे तो चकचकीत गोल ड्रम, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत तो मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि त्याच्यावरचे हेड केसापेक्षा बारीक असतात. कान कोरायच्या कापसाच्या काडीनं पुसू नका, कापसाचा तंतू अडकला की हेड तुटलं समजा. मऊ चामड्याचा तुकडा किंवा तंतू न सुटणारं कापड घ्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलं करा, ड्रमला हलकं टेकवून धरा आणि दुसऱ्या हातानं ड्रम फिरवा. कापड हलवायचं नाही, ड्रम हलवायचा. वर-खाली तर अजिबात नाही.

आता कॅसेट आत न घेण्याचं कारण शंभरात नव्वद वेळा रबरी बेल्ट. इतकी वर्षं पडून राहिला की बेल्ट ढिला होतो नाहीतर डांबरासारखा चिकट होतो. बेल्ट बदलला की मशीन बहुतेक चालतं. मशीन फेकू नका काहीही झालं तरी, कारण नवीन व्हीसीआर आता जगात कुठंच बनत नाही, जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्ये शेवटचे बनवले आणि मग बंद. १९७६ ला जेव्हीसीनं व्हीएचएस आणलं होतं, म्हणजे चाळीस वर्षं चाललं. आता जे आहे ते जुन्या मशीनचे पार्ट काढूनच चालवावं लागते.

बुरशीची टेप वाचते, पण कष्टाचं काम आहे. उन्हात वाळवू नका, सावलीत पंख्याखाली दोन तीन दिवस कोरडी होऊ द्या. कॅसेट उलटी केली की खाली पाच स्क्रू दिसतील, ते काढा, वरचं झाकण सरळ उचला, आतल्या दोन चकऱ्या आणि छोटे रोलर कुठं होते त्याचा आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मग एखादी फालतू पण स्वच्छ कॅसेट उघडा आणि तुमच्या टेपच्या चकऱ्या त्या स्वच्छ खोक्यात टाका. टेप हातानं हळूहळू गुंडाळत कोरड्या मऊ कापडातून काढायची, जिथं डाग जास्त तिथंच थोडं अल्कोहोल. हे काम ओसरीवर करा, घरात नको, तोंडाला रुमाल बांधा, ती बुरशी छातीला वाईट.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॅसेटच्या कडेला जो छोटा प्लास्टिकचा दात असतो तो तुटलेला आहे का पाहा. नसेल तर तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटन दाबलं गेलं तरी वरून काही चढणार नाही.

झाडीकर, साकोली

वाचून लय बरं वाटलं जी. आमच्याकडं भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडं दिवाळी म्हणजे पिक्चर नाही, नाटक. गायगोधन झालं, भाऊबीज झाली की गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते आणि रात्री दहा वाजता नाटक सुरू होते ते पहाटेपर्यंत. वडसा म्हणजे आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांचं ठाणं. पण व्हिडिओचा संबंध असा की १९९४-९५ पासून काही गावांत लग्नाची शूटिंग करणारे कॅमेरावाले मंडईचं नाटकही शूट करत आणि कॅसेट करून देत. आमच्या मामाकडं अशा आठ कॅसेट होत्या. ज्यानं नाटकात काम केलं, ज्यानं पेटी वाजवली, ज्यानं पडदे ओढले, सगळे गावचेच. पिक्चर कुठं ना कुठं सापडते जी, पण ते नाटक दुसरीकडं कुठंच नाही.

त्यातल्या सहा मी शहरातल्या एका स्टुडिओत सीडी करायला दिल्या होत्या. तीन महिने फेऱ्या मारल्या, मग म्हणाले की दुकान हलवताना गेल्या. दोनच घरी राहिल्या. म्हणून सांगतो पांढरी_काळी भाऊ, टेप आपल्या हातानं करा नाहीतर समोर बसून करून घ्या, सोडून येऊ नका.

माहेरवाशीण, अंजनगाव सुर्जी

पुरुष मंडळींनी मारधाडीचे पिक्चर लिहिले, बायांचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

१९९१ ला माहेरची साडी आला. आमच्या गावात कॅसेट आली त्याच्या पुढच्या दिवाळीला, माझ्या मोठ्या काकूंच्या घरी. भाऊबीजेला माहेरी आलेल्या सगळ्या लेकी, म्हणजे आत्या, त्यांच्या लेकी, शेजारच्या, दुपारी जेवणं उरकली की काकूंच्या खोलीत. माणसांना दार बंद. वेचणी चालू असायची तरी त्या दिवशी दुपारनंतर कोणी वावरात जायचं नाही. त्या तीन तासात आमच्या घरच्या बायांनी जे एकमेकींना सांगितलं ते एरवी वर्षभर कधी बोलल्या नसतील. पिक्चर चालू असायचा आणि एखादी आत्या तिच्या सासरचं बोलायला लागायची, मग काकू उठून पॉज दाबायच्या, आत्याचं बोलून झालं की पुन्हा प्ले.

ती कॅसेट आता माझ्याजवळ आहे. सात आठ वर्षांपूर्वी शेवटची लावली तेव्हा एक गोष्ट पाहिली, पिक्चर बाकी ठीक दिसतो पण तीन चार ठिकाणी आडव्या पांढऱ्या रेषा येतात, आवाज बसतो. ती नेमकी तीच ठिकाणं जिथं आम्ही मागं करून करून पाहायचो, पॉज करून ठेवायचो. आत्याचं बोलणं जिथं झालं ती जागा मी आजही सांगू शकते. साफ केलं तर त्या रेषा जातील का हो सोल्डरवाला दादा? आणि खरं सांगू का, त्या गेल्या नाहीत तरी चालेल, पण टेप तुटू नये एवढंच वाटते.

सोल्डरवाला, आर्वी

ताई, त्या रेषा जाणार नाहीत. पॉज केलं की टेप जागच्या जागी थांबते पण ड्रम फिरतच राहतो, हेड त्याच जागेवर घासत राहते, वरचा चुंबकी थर निघतो. निघाला तो निघाला. पण टेप तुटणार नाही, अशीच एकदा सरळ चालवून कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मग मूळ कॅसेट जपून ठेवा, पुन्हा पुन्हा चालवू नका.

गल्लीतला_नंद्या, हिंगणघाट

सगळ्यांचा आदर आहे पण मला एक समजत नाही, बनवाबनवी, धुमधडाका, झपाटलेला सगळं मोबाईलवर आहे ना आता, चांगल्या क्वालिटीत. एवढी बुरशी काढत बसायचं काहून?

पांढरी_काळी, दर्यापूर तालुका

नंदूभाऊ, विचारलं ते बरं केलं, मी पण आधी हाच विचार करून दोन दिवस पेटीला हात लावला नव्हता.

एक तर मोबाईलवर जे आहे ते आज आहे, उद्या हक्क संपले की काढून घेतात, आपल्या हातात काही नाही. दुसरं, एकाच पिक्चरच्या वेगवेगळ्या प्रती असतात. शोले घ्या, १९७५ चा. थिएटरात आपण पाहिला त्यात शेवटी पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात, पण आधी शूट केलेल्या शेवटात ठाकूरच गब्बरला मारतो, सेन्सॉरमुळे तो बदलावा लागला आणि लोकांनी तो मूळ शेवट किती तरी वर्षांनी व्हिडिओवर पाहिला. म्हणजे कोणाच्या तरी घरच्या कॅसेटमध्ये जे होतं ते थिएटरात नव्हतं. तिसरं, मोठ्या संस्थांच्या हातातूनही गोष्टी जातात. पुण्याला २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली, जुनी नायट्रेटची रिळं जळाली, त्यात प्रभात फिल्म कंपनीचे पिक्चर होते. नायट्रेट फिल्म पेटली की विझत नाही. तिथं ही गत तर आपल्या माडीवर काय.

पण माझं खरं कारण वेगळं आहे. बनवाबनवी हा काही दिवाळीचा पिक्चर नाही, १९८८ च्या सप्टेंबरात आला तो, त्यात दिवाळीचं काहीच नाही. आमच्यासाठी तो दिवाळीचा झाला कारण ७ नंबरची कॅसेट दर भाऊबीजेला लागली. मोबाईलवर पिक्चर मिळेल, ७ नंबर मिळणार नाही. त्यात सुरुवातीला कॅसेट कंपनीच्या जाहिराती आहेत, त्या लागल्या की आजी म्हणायची चला आता पोरांनो हात धुऊन या. बरोबर तेवढा वेळ.

मिशनकंपाऊंड, अचलपूर

पांढरी_काळी यांच्या शेवटच्या मुद्द्यावरून एक आठवलं. माझं लहानपण एका मिशन दवाखान्याच्या आवारात गेलं, आई तिथं नर्स होती. डिसेंबरात नाताळच्या आठवड्यात एक वयस्कर डॉक्टर परदेशातून आलेल्या कॅसेट लावायचे, हॉलमध्ये, वॉर्डातल्या चालू शकणाऱ्या पेशंटसकट. आम्हा पोरांना इंग्रजी कळायचं नाही, आई शेजारी बसून मराठीत सांगायची. त्यात इट्स अ वंडरफुल लाईफ नावाचा ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर होता, १९४६ चा, फ्रँक काप्राचा. एक माणूस नाताळच्या आदल्या रात्री जीव द्यायला निघतो आणि त्याला दाखवलं जातं की तू नसता तर गाव कसं झालं असतं. आई तो भाग सांगताना गाव म्हणजे अचलपूरच सांगायची, बँक म्हणजे आपली पतपेढी.

पुढं वाचनात आलं की तो पिक्चर आला तेव्हा फारसा चालला नव्हता, खर्चही निघाला नाही. १९७४ ला त्याचा कॉपीराइट नव्यानं करायचा राहून गेला, मग अमेरिकेतले टीव्हीवाले दर डिसेंबरात फुकट दाखवत सुटले आणि दाखवून दाखवून तो त्यांचा नाताळचा पिक्चर झाला. म्हणजे तिथंही ७ नंबरचीच गोष्ट. मी तो नंतर डीव्हीडीवर घेतला, आणि १९९० चा होम अलोन पण, तो मुलांसाठी. दर २४ तारखेला रात्री लावतो. आई आता ८३ ची आहे, अजून शेजारी बसून सांगते, नातवंडांना इंग्रजी येते तरी सांगते आणि ती ऐकतात.

पऱ्हाटी, दिग्रस

कॉपीराइटचा विषय निघालाच तर एक सांगून ठेवतो, मी कोर्टात कारकून आहे. घरी स्वतःसाठी टेप उतरवून ठेवणं वेगळं आणि ती नेटवर टाकणं, विकणं वेगळं. आपल्या १९५७ च्या कायद्यात पिक्चरचा हक्क प्रदर्शित झाल्यापासून ६० वर्षं असतो, पुढच्या जानेवारीपासून मोजतात. म्हणजे १९३६ चा संत तुकाराम, १९५३ चा श्यामची आई हे आता मोकळे आहेत, पण ८०-९० च्या दशकातला कुठलाच नाही. तेवढं सांभाळा.

झाडीकर भाऊंच्या नाटकांचं थोडं निराळं आहे, तिथं लेखकाला, मंडळाला विचारून घ्या, बहुतेक आनंदानं हो म्हणतील.

डबल_डेकर, वणी

माझ्याकडं कॅसेट नाही, व्हीसीडी म्हणजे पिक्चरच्या सीडी आहेत, चारशेच्या वर. २००७ ला मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी काढली तेव्हा मी कॉलेजात होतो, त्याच्या आधी ओरिजिनल सीडी घेणं परवडायचं नाही. वणीच्या बसस्टँडवर चहाच्या पैशात पिक्चर मिळायला लागला, मी दर शनिवारी गावाकडं जाताना एक घेऊन जायचो. एका चकतीत सव्वा तासाच्या आसपासच बसते, म्हणून मराठी दोन चकत्यांचा, हम आपके हैं कौन तीन चकत्यांचा. चकती बदलायला उठायचं काम कायम घरातल्या सगळ्यात लहानाचं.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, सीडीची चमकणारी बाजू सगळे जपतात आणि लेबलची बाजू खाली टेकवतात. खरं तर उलटं आहे, माहितीचा थर लेबलच्या अगदी खालीच असतो, लेबलवर ओरखडा गेला की संपलं, खालच्या बाजूचा बारीक ओरखडा पुष्कळदा चालून जातो. पुसताना मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नाही. आणि व्हीसीडी कॉम्प्युटरमध्ये टाकली तर आत एम्पेगएव्ही नावाचं फोल्डर असते, त्यातली डॅट फाइल तशीच कॉपी करून घ्या, व्हीएलसी प्लेअरमध्ये चालते. माझ्या चारशेतल्या २३० अशा काढून झाल्या. सतरा अठरा वाचल्याच नाहीत, थराला भोकं पडली, दिव्यासमोर धरलं की टाचणी टोचल्यासारखा उजेड दिसतो.

माहेरवाशीण, अंजनगाव सुर्जी

कॉम्प्युटरवर उतरवायचं कसं ते पण सांगा ना कोणी. घरी लॅपटॉप आहे मुलाचा.

सोल्डरवाला, आर्वी

ताई, यूएसबीचं छोटं कॅप्चर यंत्र मिळते, व्हीसीआरच्या मागच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल वायरी त्यात लावायच्या आणि ते लॅपटॉपला. पिवळी चित्राची, बाकी दोन आवाजाच्या. व्हीसीआर एकाच आवाजाचा असेल तर लाल रिकामी राहील, घाबरू नका. ओबीएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात रेकॉर्ड होते. घाईचं काम नाही, तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. आधी कॅसेट एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं करून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. चित्र खालून फाटल्यासारखं दिसलं तर ट्रॅकिंगचं बटन हळू फिरवा. काम झालं की कॅसेट आडवी ठेवू नका, पुस्तकासारखी उभी ठेवा, स्पीकरपासून लांब, कोरड्या जागी.

पांढरी_काळी, दर्यापूर तालुका

मंडळी, आठ दिवस झाले, सांगायला आलो.

पहिले ४ नंबर उघडला, तो सराव म्हणून, कारण त्या पिक्चरची बाबांजवळ दुसरी पण कॅसेट होती. पाच स्क्रू काढले, झाकण उचललं तर एक छोटी स्प्रिंग उडून गेली, पोरीनं ओसरीच्या फटीतून शोधून दिली. आतली टेप काळी नाही, गडद तपकिरी असते हे पहिल्यांदा पाहिलं, आणि बुरशी वेढ्याच्या कडेला अशी बसलेली जशी कणसावर पांढरी भुकटी येते तशी. मी चकरी फिरवायची, बायकोनं कापड धरायचं, आई समोर बसून कोणत्या नंबरात काय ते सांगून राहिली. तीन तास लागले एकीला. चार झाल्या. १२ नंबर मधात तुटली, तिला चिकटपट्टीनं जोडली आहे पण मशीनमध्ये घालायची हिंमत झाली नाही.

७ नंबरात बुरशी सगळ्यात कमी निघाली. सारखी फिरत होती म्हणून असेल का दादा?

आता फक्त बेल्टचं राहिलं. दर्यापूर, अकोट, अमरावती तिन्ही ठिकाणी विचारलं, कोणाकडं नाही. भाऊबीजेला दोन्ही बहिणी येऊन राहिल्या, ओसरीवर टीव्ही मांडायचं ठरलं आहे.

सोल्डरवाला, आर्वी

फिरत्या टेपला हवा लागते, वेढे सुटे राहतात, म्हणून बुरशी कमी धरते. बरोबर आहे तुमचं.

मशीनचा मॉडेल नंबर मागच्या पट्टीवर असेल, त्याचा फोटो पाठवा. माझ्याजवळ तीन जुनी मशीनं पार्टसाठी ठेवली आहेत. १२ नंबर पण चालवू नका, त्याच्यासाठी वेगळी जोडपट्टी लागते, साधी चिकटपट्टी हेडला गोंद सोडते, ती मी लावून देतो. पाडव्याला माझं अमरावतीला काम आहे, तिथून दर्यापूरची एसटी पकडून येतो, बेल्ट घेऊन.

झाडीकर, साकोली

दादा माझ्या दोन कॅसेट पण आहेत जी. मंडई झाली की मी स्वतः घेऊन येतो आर्वीला, समोर बसतो.

सोल्डरवाला, आर्वी

या. जेवायलाच या.